बुबुळाच्या अल्सरमध्ये तातडीचं कॉर्निया-रोपण: कधी पाठवायचं, ऑपरेशन थिएटरात (ओटीत) काय होतं, नंतर काय सांभाळायचं

निमाड_दवाखाना
सोयाबीनची काढणी सुरू झाली की खरगोन-बडवानी पट्ट्यात बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्नियाला), इजा झालेले पेशंट वाढतात. मार्चमध्ये गव्हाच्या कुसळांनी पुन्हा तेच. बरेचसे थेंबांवर बरे होतात. काहींना इंदूरला पाठवावं लागतं आणि तिथे ‘तातडीनं बुबुळ बदलावं लागेल’ असं सांगतात. आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांना काही गोष्टी नेमक्या कळायला हव्यात. थेंबांवर किती दिवस थांबायचं? पाठवताना डोळ्याला काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही? घरच्यांना काय सांगायचं? ‘बुबुळ बदललं की दिसणार’ असं ते धरूनच चालतात. इथे कॉर्नियावाले, लॅबवाले, नेत्रपेढीवाले सगळे आहेत. मात्रा आणि वेळा यांसकट लिहावं ही विनंती.

पारपटल_इंदूर
डॉक्टर, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो.

जुनं फूल पडलेल्या शांत डोळ्यात रोपण करतात ते दिसावं म्हणून. अल्सरमधलं, म्हणजे जंतूंनी चिघळलेल्या जखमेतलं, तातडीचं रोपण वेगळ्या कारणासाठी असतं. जंतूंनी पोखरलेला भाग निरोगी कडेसकट कापून काढायचा आणि उघड्या पडलेल्या डोळ्याला नवी भिंत द्यायची. जंतू गेले आणि डोळा शाबूत राहिला की हे ऑपरेशन यशस्वी, पुढे ग्राफ्ट (बसवलेलं बुबुळ) धुरकट झाला तरी. तो बऱ्याचदा धुरकट होतोच, कारण सुजलेल्या डोळ्यात बसवलेलं बुबुळ जास्त काळ निर्मळ राहत नाही. नजरेसाठीचं दुसरं रोपण डोळा सहा महिने ते वर्षभर शांत राहिल्यावर. घरच्यांना सरळ सांगा, ‘आज डोळा वाचवायचा आहे, नजरेचं पुढे बघू.’ हे ऑपरेशनच्या आधी सांगितलेलं असलं की नंतरचे सहा महिने ते फॉलोअपला येतात. आधी सांगितलं नसेल तर पट्टी उघडल्याच्या दिवशीच त्यांचा विश्वास उडतो.

आता कधी पाठवायचं, त्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये मांडतो.

मोठ्या माणसाचं बुबुळ आडवं साडेअकरा ते बारा मिमी असतं. अल्सर कापताना दिसणाऱ्या पांढऱ्या कडेबाहेर चहूबाजूंनी निदान १ मिमी निरोगी पट्टा घ्यावा लागतो, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कडेच्या पुढे पोचलेले असतात. अल्सर ६ मिमीचा असेल तर ट्रिफाइन (बुबुळ गोल कापायचं पातं) ८ मिमीचं आणि दात्याचं बटण (बुबुळाची गोल चकती) ८.५ मिमीचं लागतं. इथपर्यंत काम हातात राहतं. ‘अजून थोडे दिवस थेंब बघू’ म्हणत तोच अल्सर ८.५ मिमी झाला की ट्रिफाइन १०.५ आणि बटण ११. आता टाके कडेच्या रक्तवाहिन्यांना भिडतात, त्यामुळे शरीर ग्राफ्टला परकं ठरवण्याची शक्यता वाढते. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन टाक्यांनी आणि चिकटलेल्या आयरिसनं (बुबुळामागचा रंगीत पडदा) बुजतो, म्हणजे काचबिंदू. आणखी पुढे कड पांढऱ्या भागात, स्क्लेरात शिरली, तर कापायला निरोगी कडच मिळत नाही. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, फरक फक्त मधल्या चार-सहा दिवसांचा.

म्हणून पहिल्या दिवसापासून अल्सर मोजून लिहा. स्लिट लॅम्प (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक) नसेल तर टॉर्च आणि पारदर्शक मोजपट्टी चालते; उभा आणि आडवा, दोन्ही आकडे. योग्य थेंब दर तासाला पडत असूनही ४८ ते ७२ तासांत आकार वाढला, बुबुळामागे तळाशी साचलेला पू वर चढला किंवा मध्यभाग पातळ दिसू लागला, तर पाठवा. बुरशी मंद असते. तिथे पाच-सात दिवसांत आकार कमी झाला नाही तरी चालेल, पण वाढता कामा नये. अल्सरची कड बुबुळाच्या काठापासून २ मिमीच्या आत आली असेल तर एक दिवसही थांबू नका. पांढऱ्या अल्सरच्या मधोमध काळसर, चकचकीत मण्यासारखा फुगवटा दिसला तर फक्त शेवटचा पापुद्रा उरलाय असं समजा. तो खोकल्यानंही फुटतो.

आणि एक खूण, जी सगळ्यात जास्त फसवते. पेशंट सांगतो, ‘रात्री डोळ्यातून गरम पाणी भळकन आलं आणि ठणका एकदम कमी झाला.’ घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. प्रत्यक्षात बुबुळाला भोक पडलेलं असतं. आतलं पाणी बाहेर आलं, दाब उतरला, म्हणून दुखणं थांबलं. हे वाक्य ऐकलं की त्याच दिवशी गाडीत बसवा.

स्लाइडघर
पारपटल सरांनी ‘योग्य थेंब’ म्हटलंय. योग्य कोणते ते काचपट्टी सांगते, म्हणून लॅबची बाजू लिहिते.

खरवड घेताना बधिरतेसाठी ०.५% प्रोपॅराकेन वापरा. १५ नंबरच्या पात्यानं अल्सरच्या कडेवरून आणि तळावरून खरवडायचं. वरचा सैल, चिकट पू आधी कापसाच्या टोकानं उचलून टाका, कारण त्यात मेलेल्या पेशीच असतात आणि काचेवर काही सापडत नाही. मध्यभाग पातळ असेल तर तळाला हात लावू नका, फक्त कड. पहिलं साहित्य दोन काचपट्ट्यांवर: एक १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी, एक ग्राम रंजनासाठी. मग ब्लड अगार, चॉकलेट अगार आणि सबुरॉड या जंतू वाढवायच्या प्लेट, प्रत्येकावर इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या रेघा. वाढ रेघेवर आली तर ती डोळ्यातली, रेघेबाहेर आली तर हवेतली. हा सी काढायचा कंटाळा केला की अहवालावर भरवसा उरत नाही.

पोटॅशवाली काच दहा मिनिटांत वाचता येते. बुरशीचे तंतू दिसले तर नाटामायसिन त्याच तासाला सुरू होतं. कल्चरमध्ये (प्लेटवरच्या वाढीत) फ्युझेरियम ही बुरशी बहुधा दोन-तीन दिवसांत डोकं वर काढतं, तरी सबुरॉडची प्लेट दोन आठवडे टाकून देत नाहीत.

सर्वात घोळ पिथियमचा, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या एका जिवाचा. काचेवर तंतू दिसतात, अहवालात ‘बुरशी’ लिहिलं जातं आणि आठवडाभर नाटामायसिन चालू राहतं. पिथियम ही बुरशी नाहीच. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल जवळजवळ नसतं आणि नाटामायसिन नेमकं तेच पकडतं, त्यामुळे औषध टाकूनही अल्सर पसरत जातो. ओळखायचं कसं? तंतू रुंद, फितीसारखे, मधले पडदे अगदी विरळ. आयोडीन आणि गंधकाम्लाच्या रंजनात निळसर-काळे होतात. ब्लड अगारवर बिनरंगी, चपटी, अगारला चिकटून बसलेली वाढ. डोळ्यात अल्सरभोवती जाळीसारखे बारीक ठिपके आणि कडेकडे जाणाऱ्या सोंडा दिसतात. यावर लिनेझोलिड ०.२% आणि अॅझिथ्रोमायसिन १% चे थेंब देतात, पण खोल गेलेल्या पिथियमला बऱ्याचदा लवकरचं रोपणच लागतं. शेततळ्यात किंवा पावसाळी डबक्यात डोळा भिजल्याचा इतिहास असेल तर चिठ्ठीवर लिहा. लॅबवाल्याची नजर तिकडे वळते.

निमाड_दवाखाना
मॅडम, इथे लॅब नाही आणि पेशंट दुसऱ्या दिवशीच इंदूरला जाऊ शकतो असंही नेहमी होत नाही. तोवर काय सुरू करायचं? सेफाझोलिनचे तीव्र थेंब इथे बनवता येतील का?

पारपटल_इंदूर
येतील. सेफाझोलिन ५%: ५०० मिग्रॅची इंजेक्शनची कुपी १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवायची आणि निर्जंतुक ड्रॉपर-बाटलीत भरायची. टोब्रामायसिन साधारण १.४%: बाजारातल्या ०.३% च्या ५ मिली बाटलीत इंजेक्शनचं ८० मिग्रॅ, म्हणजे २ मिली मिसळायचं. दोन्ही फ्रिजमध्ये, चार दिवसांनी नवीन. सेफाझोलिन गडद पिवळं पडलं की चार दिवसांची वाट न बघता टाकून द्या. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, नाही तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. पहिल्या ४८ तासांत रात्रीसुद्धा दर तासाला. हे जमणार नसेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५% दर तासाला.

काडी-कचऱ्याची इजा, कोरडा खडबडीत पृष्ठभाग, पिसासारखी कड, बाजूला छोटे सुटे पांढरे ठिपके असं दिसलं तर बुरशी धरून नाटामायसिन ५% जागेपणी दर तासाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या भारतीय चाचणीत ते व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं, फ्युझेरियममध्ये तर ठळकपणे. पण बाटली हलवून टाकायला शिकवा. नाटामायसिन हे पाण्यात तरंगणारं पांढरं चूर्ण आहे. बाटली रात्रभर उभी राहिली की औषध तळाशी बसतं आणि पेशंट सकाळभर नुसतं वरचं पाणी टाकत राहतो. उलटही होतं. चूर्ण अल्सरच्या खड्ड्यात साचून पांढरं दिसतं आणि बघणाऱ्याला अल्सर वाढल्यासारखा वाटतो. मोजण्याआधी सलाइननं धुऊन घ्या.

यासोबत होमॅट्रोपिन २% दिवसातून तीनदा. त्यानं ठणका कमी होतो आणि आयरिस भिंगाला चिकटत नाही.

स्टेरॉइड बिलकूल नाही. मेडिकलवाल्यानं ‘लाल डोळ्याचे थेंब’ म्हणून दिलेली बाटली मागवून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एक जरी नाव असलं तरी ती बंद करा आणि चिठ्ठीत किती दिवस टाकलं ते लिहा. लाली उतरते, माणूस खूश होतो आणि आत बुरशी मोकळी सुटते. इंदूरकडे मार्चमध्ये आणखी एक भर पडते. गव्हाची कापणी आणि रंगपंचमीची गेर (रंगाची मिरवणूक) मागेपुढे येतात, डोळा लाल झाला की ‘रंग गेला असेल’ म्हणून आठवडा जातो आणि त्या आठवड्यात हेच थेंब पडत राहतात.

राजवाडा_फार्मासिस्ट
यात आमच्या लोकांचा दोष आहे हे मान्य करायला हवं. काउंटरवर डोळ्याचा प्रश्न आला की एकच विचारा: ‘डोळ्यात काही गेलं होतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर थेंब न देता डोळ्याच्या डॉक्टरकडे.

नेत्रपेढी_माळवा
रोपण ठरलं की पुढचा प्रश्न बुबुळ कुठून आणायचं. इथे तातडीच्या रोपणाचे नियम नजरेच्या रोपणाहून वेगळे पडतात आणि हे खुद्द नेत्रतज्ज्ञांनाही काही वेळा सांगावं लागतं.

दान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घेतात. बुबुळाच्या आतल्या थरातल्या जिवंत पेशी दर चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या वर असतील तर ते नजरेच्या रोपणासाठी राखतात. त्याहून कमी असलेलं, पण घट्ट आणि निर्जंतुक बुबुळ तातडीच्या कामाला चालतं. भिंत उभारायला पेशींची मोजणी आड येत नाही. म्हणून सर्जननं फोनवर ‘कॉर्निया हवाय’ एवढंच न म्हणता ‘थेरप्युटिक (रोग काढण्यासाठीचं), अंदाजे ९ मिमी बटण, आज रात्री’ असं सांगितलं तर पेढी शीतपेटीतल्या बाजूला ठेवलेल्या बुबुळाचा विचार करू शकते. मोठं बटण लागणार असेल तर ते आधीच सांगा. दात्याचं बुबुळ काढताना भोवती पांढऱ्याचा २ ते ४ मिमी कडा ठेवतात, पण ११ मिमीचं बटण प्रत्येक दात्यातून निघत नाही.

मॅककॅरी-कॉफमन द्रावणात बुबुळ चार अंश तापमानाला चार दिवस टिकतं. कॉर्निसॉल किंवा ऑप्टिसॉलमध्ये चौदा दिवस. मॅककॅरी-कॉफमनचा रंग गुलाबी असतो. बाटली उजेडात धरून बघा: पिवळट किंवा गढूळ असेल तर ती वापरायची नाही. ओटीत नेण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा. दात्याच्या रक्ताचे एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि सिफिलिसचे अहवाल हातात आल्याशिवाय आम्ही बुबुळ देत नाही. रात्री दोन वाजता कितीही घाई असली तरी नाही.

ताजं बुबुळ मिळालंच नाही तर ग्लिसरीनमधलं. त्यात जिवंत पेशी नसतात आणि ते महिनोन्महिने टिकतं. दोन-तीनदा द्रावण बदलत सुमारे अर्धा तास भिजवलं की मऊ होतं. दिसायला दुधी असतं, त्यातून नजर यायची नाही. पण भोक बंद होतं आणि पुढच्या रोपणापर्यंत डोळा टिकतो. सणासुदीत दान कमी होतात. सोयाबीन काढणीच्या आसपास दसरा-दिवाळी येते, म्हणजे अल्सर सर्वाधिक असतात तेव्हाच शीतपेटी रिकामी. त्या महिन्यांसाठी ग्लिसरीनच्या चार बाटल्या भरून ठेवणं ही चैन नव्हे.

रामबाग_स्वयंसेवक
घरच्यांसाठी जोडतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा असलेला, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूसही दान करू शकतो. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाच्या संमतीनं, दोन साक्षीदारांसमोर होतं. माणूस गेल्यावर पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या आणि पेढीला फोन करा. बाकी पेढीवाले बघतात. बुबुळाची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कोणी ‘बुबुळाचे पैसे’ मागितले तर पावती मागा. पावती फक्त तपासणी आणि साठवणीच्या खर्चाची असू शकते.

भूलतज्ज्ञ_एबी_रोड
पाठवताना काय करायचं हे वर राहिलं, ते आधी सांगते. भोक पडलेल्या किंवा पडायला आलेल्या डोळ्यावर कापसाची पट्टी नको, मलम नको, पापण्या ताणून बघणं नको. कागदी कपाचा तळ कापून त्याची टोपी करा आणि कड भुवई-गालाच्या हाडावर टेकेल अशी चिकटपट्टीनं लावा, डोळ्याला न टेकवता. उलटी आणि खोकला दाबणारं औषध निघतानाच द्या. घाटातल्या रस्त्यावर ते कामी येतं. निघताना खायला देऊ नका: सहा तास उपाशी असलेला पेशंट पोचल्याबरोबर टेबलावर जाऊ शकतो, वाटेत कचोरी खाल्लेला सहा-आठ तास थांबतो. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. साखर मोजून लिहा. मधुमेहाच्या पेशंटला उपाशी ठेवताना नेहमीची गोळी-इन्सुलिन तशीच देऊ नका.

भुलीबद्दल. मोठं भोक असेल तर पूर्ण भूल. डोळ्याभोवती इंजेक्शननं सहा-आठ मिली औषध भरलं की मागून दाब येतो आणि भोकातून भिंग, मागचं जेलीसारखं विट्रियस बाहेर ढकललं जातं. पूर्ण भूल शक्यच नसेल तर कमी मात्रा, हळू, आणि नंतर डोळा दाबणं-चोळणं अजिबात नाही. पूर्ण भुलीत सक्सिनिलकोलीन टाळते, कारण ते डोळ्याचा दाब वाढवतं. आणि रक्तदाब आधी आवाक्यात हवा. उघड्या डोळ्यात मागची धमनी फुटली तर काही मिनिटांत सगळं संपतं.

ओटी_ट्रॉली
ट्रॉलीची मांडणी मी लिहिते, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही.

साधनांचे दोन वेगळे ट्रे. पहिल्यातली चिमटी, कात्री, ट्रिफाइन पेशंटच्या खराब बुबुळाला लागलेली असतात. ते बटण निघालं की तो ट्रे टेबलावरून पूर्ण हलवायचा, सर्जन आणि सिस्टर दोघांचे हातमोजे बदलायचे, मग दुसरा ट्रे उघडायचा. त्याच चिमटीनं दात्याचं बटण धरलं तर आपणच बुरशी नव्या बुबुळावर लावतो.

काढलेलं बटण अर्धं कापायचं. अर्धं सलाइनच्या निर्जंतुक बाटलीत सूक्ष्मजीव विभागाला, अर्धं १०% फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला. सगळं फॉर्मलिनमध्ये गेलं तर कल्चर होणार नाही, ही चूक रात्रीच्या घाईत होते. बाटल्यांवर आधीच लेबल लावून ठेवा. दात्याच्या बुबुळाचा उरलेला कडाही कल्चरला.

पारपटल_इंदूर
सिस्टरनी मुद्द्याचं लिहिलं. ऑपरेशनचा क्रम असा.

कॅलिपरनं अल्सर मोजून आकार ठरवायचा आणि दात्याचं बटण आधी पाडून, झाकून ठेवायचं. पेशंटचा डोळा उघडा राहण्याचा काळ कमीत कमी हवा. बटण आतल्या थराच्या बाजूनं पाडतात, पेशंटच्या मापापेक्षा ०.५ मिमी मोठं. पेशंटचं बुबुळ मऊ आणि सुजलेलं असतं. ट्रिफाइन दाबलं तर डोळा बसतो आणि घाव अंडाकृती होतो. म्हणून भोक असेल तर व्हिस्कोइलास्टिकनं (जेलीसारख्या द्रवानं) आत थोडा आकार आणायचा, ट्रिफाइननं फक्त खूण आणि अर्धी खोली, पुढे पात्यानं आत शिरून वाकड्या कात्रीनं कापायचं. कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. एखाद्या बाजूला धूसर भाग उरला असेल तर तिथे पुन्हा कापा. ०.५ मिमी पट्टा पुरतो असं काही सर्जन मानतात. जिवाणूत मीही मानेन. बुरशी आणि पिथियममध्ये माझ्या मते एक मिमीपेक्षा कमी नको.

मग आतली साफसफाई. पू आणि जाळं चिमटीनं सोलून काढायचं, आयरिसवर पांढरे ठिपके असतील तर तेवढा भाग कापायचा, आयरिसच्या कडेला एक-दोन छिद्रं ठेवायची म्हणजे पाणी अडून दाब चढत नाही. बुरशी असेल तर शेवटी अँफोटेरिसिन ५ ते १० मायक्रोग्रॅम किंवा व्होरिकोनाझोल ५० मायक्रोग्रॅम, ०.१ मिलीमध्ये. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची गल्लत इथे डोळा घालवते. द्रावण दोघांनी मोठ्यानं वाचून भरा.

भिंगाला हात लावू नका. त्यात मोतीबिंदू दिसत असला तरी आत्ता नाही. भिंगाचं आवरण पुढचा संसर्ग आणि मागची पोकळी यांमधली एकमेव भिंत आहे.

टाके १०-० नायलॉनचे, सुटे, सोळा. मोठ्या बटणाला चोवीसपर्यंत. पहिले चार घड्याळाच्या बारा, सहा, तीन, नऊच्या जागी. सहाचा टाका बाराच्या अगदी समोर आला नाही तर पूर्ण बटण फिरतं. सलग टाका इथे चालत नाही. संसर्ग झालेली कड ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेगानं भरते, एक जागा सैल पडली की सलग दोरा सगळीकडे सुटतो. सुजलेल्या बुबुळातून दोरा लोण्यातून जावा तसा कापत जातो, म्हणून पेशंटच्या बाजूचा घास (टाक्यात धरलेला भाग) लांब घ्या. गाठी आत बुडवा. शेवटी कोरड्या स्पंजनं कडेकडेनं टिपून गळती बघा.

स्लाइडघर
सर, छोट्या भोकाला गोंद लावून वेळ काढता येतो ना? सगळ्यांना लगेच रोपण लागत नाही.

पारपटल_इंदूर
बरोबर, ते राहिलं. २ ते ३ मिमीपर्यंतच्या भोकाला सायनोअॅक्रिलेट गोंद आणि वर बँडेज लेन्स (डोळा झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स). कडेभोवतीचा सैल थर खरवडून जागा पूर्ण कोरडी करायची आणि बारीक सुईच्या टोकावरचा अगदी छोटा थेंब ठेवायचा. ओल्या जागी गोंद पांढऱ्या भुग्यासारखा गोठतो आणि सुटून येतो. जास्त लावला तर डोंगर होतो आणि वरची पापणी त्याला ओढत राहते. पण गोंदाखाली संसर्ग चालूच असेल तर तो फक्त बुबुळ मिळेपर्यंतचा पूल. रोज सकाळी कड मोजत राहायची.

निमाड_दवाखाना
रोपणानंतर पेशंट आमच्याकडेच परततो. स्टेरॉइड सुरू करायचं असतं ना, ग्राफ्ट टिकायला?

पारपटल_इंदूर
तेच तुमच्या हातून सर्जनला विचारल्याशिवाय सुरू व्हायला नको. जिवाणू असेल तर आम्ही सांभाळून लवकर सुरू करतो. बुरशी असेल तर निदान दोन आठवडे नाही, कारण परत उगवायची असली तर बुरशी बहुधा त्याच काळात ग्राफ्टच्या कडेवर किंवा आयरिसवर उगवते. तोवर नाटामायसिन दर दोन तासांनी चालू असतं. पॅथॉलॉजीच्या अहवालात कापलेली कड बुरशीमुक्त आहे का हे वाचून, मगच. शरीर ग्राफ्ट नाकारेल अशी भीती असते तिथे दरम्यान सायक्लोस्पोरिनचे थेंब वापरतात.

तुमच्याकडे आला की चार गोष्टी विचारा. लाली वाढली का, उजेड खुपतो का, काल दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसतंय का, दुखतंय का. एकाला जरी ‘हो’ म्हणाला तर त्याच दिवशी फोन करून पाठवा. डोकेदुखी आणि उलटी असेल तर दाब वाढला असेल. अॅसेटाझोलामाइड २५० मिग्रॅ देऊन पाठवा, सल्फाची अॅलर्जी आणि मूत्रपिंडाचा आजार विचारून.

निमाड_दवाखाना
आणि टाका सैल झाला तर? तीन-चार महिन्यांनी पेशंट ‘खडा टोचतोय’ म्हणून येतात.

पारपटल_इंदूर
सैल टाका त्याच दिवशी निघाला पाहिजे. घट्ट टाका बुबुळात बुडालेला असतो, सैल झालेला वर येतो, त्याला चिकट धागा लोंबतो आणि त्या जागी बोगद्यासारखी वाट उघडी राहते. जंतू तिथूनच आत जातात. एक थेंब फ्लुओरेसिन (रंगद्रव्य) टाकून निळ्या उजेडात बघा: टाक्याभोवती हिरवं चमकलं की तो सैल. तुमच्याकडे स्लिट लॅम्प आणि सवय असेल तर प्रोपॅराकेन, मग मॉक्सिफ्लॉक्सासिनचा थेंब, २६ नंबरच्या सुईच्या टोकानं दोरा गाठीपासून लांब कापायचा आणि गाठीकडचं टोक चिमटीनं धरून ओढायचं. उघडं, वर लोंबणारं टोक जखमेतून आत ओढलं जाईल अशा दिशेनं कधीच नाही. नंतर आठवडाभर प्रतिजैविक दिवसातून चार वेळा. पहिल्या तीन महिन्यांतला टाका असेल, किंवा त्याच्या बुडाशी पांढरा ठिपका असेल, तर न काढता इकडे पाठवा. त्या टाक्याचं टोक आम्हाला कल्चरला लावायचं असतं, आणि कड उघडली तर पुन्हा टाका घालायची तयारी लागते.

स्लाइडघर
तो काढलेला दोरा कोरड्या डबीत पाठवू नका. दोन थेंब सलाइनमध्ये, निर्जंतुक बाटलीत, त्याच दिवशी.